शस्त्रक्रियेनंतरचा विसावा : गर्भाशयातील गाठींच्या उपचाराचा इतिहास आणि गडमुडशिंगीचा परिसर

वैद्यकाच्या इतिहासाची मांडणी बहुधा शस्त्राभोवती केली जाते. अमुक शल्यज्ञाने अमुक वर्षी अमुक अवयव प्रथम काढला, त्याची रुग्णा वाचली वा वाचली नाही, येथवर इतिहासकाराची नोंद येते आणि थांबते. टाके घातल्यानंतर त्या स्त्रीचे पुढे काय झाले, ती किती दिवस अंथरुणावर होती, तिच्या वाट्याची कामे त्या काळात कोणी केली आणि ती कामे तिने पुन्हा केव्हा अंगावर घेतली, हे प्रश्न गौण मानले गेले. वास्तविक गर्भाशयातील गाठींच्या बाबतीत हेच प्रश्न मुख्य आहेत. ही गाठ, जिला वैद्यकीय परिभाषेत फायब्रॉइड म्हणतात, कर्करोगाची नसते आणि तिचे तसे रूपांतरही अत्यंत क्वचित होते. तेव्हा येथे शस्त्रक्रिया होते ती सामान्यतः प्राण वाचविण्यासाठी नव्हे, तर अतिरक्तस्राव, वेदना, दाब, वंध्यत्व यांपासून सुटका व्हावी आणि स्त्रीला पूर्ववत जगता यावे म्हणून. अशा शस्त्रक्रियेचे यश टेबलावर ठरत नाही. ते पुढच्या काही आठवड्यांत घरी ठरते.

या घरच्या बाजूचा विचार करण्यास गडमुडशिंगीसारखे गाव उपयुक्त आहे. करवीर तालुक्यातील हे गाव कोल्हापूर शहराच्या आग्नेयेस, हुपरीकडे जाणाऱ्या रस्त्यावर वसले आहे. एका बाजूस उचगाव, दुसरीकडे वळिवडे आणि गांधीनगर, जवळच उजळाईवाडीचा विमानतळ. शहर इतके निकट की रुग्णालयास पोहोचणे अवघड नाही. आणि शेती व गोठा इतका जिवंत की रुग्णालयातून परतलेल्या स्त्रीला काम चुकणे सोपे नाही. १९६३ साली स्थापन झालेल्या व ‘गोकुळ’ या नावाने ओळखल्या जाणाऱ्या जिल्हा सहकारी दूध उत्पादक संघाचा पशुखाद्य कारखाना याच गावी आहे, ही गोष्ट पुढील विवेचनाच्या दृष्टीने केवळ योगायोगाची नाही.

प्रथम शब्दांविषयी. या भागात गर्भाशयास ‘पिशवी’ म्हणतात. ‘पिशवीला गाठ आली’, ‘पिशवी काढली’, ‘पिशवीचे ऑपरेशन झाले’ ही वाक्ये गावोगाव ऐकू येतात आणि डॉक्टरही रुग्णेशी बोलताना तेच शब्द योजतात. शब्द सोयीचा आहे, पण निरुपद्रवी नाही. पिशवी ही वस्तू भरण्यासाठी असते. तिचा उपयोग संपला की ती टाकून देता येते. मुले झाली, कुटुंबनियोजनाची शस्त्रक्रियाही झाली, आता पिशवीचे काय काम, हा युक्तिवाद या शब्दातच अर्धाअधिक दडलेला आहे. शिवाय ‘गाठ काढणे’ आणि ‘पिशवी काढणे’ या दोन सर्वस्वी भिन्न शस्त्रक्रिया असूनही बोलण्यात त्यांचा सर्रास संकर होतो. पहिलीत गाठ सोलून काढून गर्भाशय शिवून राखले जाते. दुसरीत गर्भाशयच जाते, आणि क्वचित त्यासोबत स्त्रीबीजकोशही. पुष्कळ स्त्रियांना आपले नेमके काय काढले गेले हे सांगता येत नाही. याचे एक कारण भाषेत आहे, सगळे नव्हे.

प्राचीन ग्रंथांत या विकाराचे मूळ शोधण्याचा मोह अनेकांना झाला आहे. चरकसंहितेत केवळ स्त्रियांना होणाऱ्या ‘रक्तगुल्म’ नामक विकाराचे वर्णन येते. त्यात गर्भासारखी लक्षणे दिसतात म्हणून दहावा महिना उलटल्यावरच त्याची चिकित्सा करावी असा दंडक घातलेला आहे. रक्तगुल्म म्हणजे आजचा फायब्रॉइडच होय असे विधान करणे धाडसाचे ठरेल. त्या संज्ञेखाली अनेक विकार एकत्र आले असावेत. परंतु त्या दंडकामागची सावधगिरी महत्त्वाची आहे. पोटात वाढणारी वस्तू गर्भ आहे की गाठ याचा निर्णय करण्याचे काळाखेरीज दुसरे साधन ज्यांच्यापाशी नव्हते, त्यांनी काळालाच साधन केले.

आपल्या विषयाशी अधिक निकटचा आधार सुश्रुतसंहितेत सापडतो. सूत्रस्थानातील एकोणिसावा अध्याय ‘व्रणितोपासनीय’ या नावाचा असून तो जखमी मनुष्याच्या शुश्रूषेस पूर्णपणे वाहिलेला आहे. व्रणिताचे घर कसे असावे, शय्या कशी असावी, उठताबसताना व कुशीवर वळताना व्रणास कसे जपावे, प्रिय मित्रांनी गोष्टी सांगून त्याच्या वेदनेचा विसर कसा पाडावा, हे तेथे बारकाईने सांगितले आहे. दिवसा झोपू नये, श्रम करू नयेत, हेही आहे. वर्ज्य आहाराच्या यादीत नवे धान्य, उडीद, तीळ, कुळीथ, आंबट, खारट व तिखट पदार्थ, तसेच गूळ व पिठाचे पदार्थ येतात. कोल्हापूरच्या परिसरात टाके असलेल्या माणसास आजही आंबट देत नाहीत. आंबटाने टाके पिकतात ही समजूत दृढ आहे, आणि आधुनिक वैद्यकाचा तिला आधार नाही. मात्र गुळाचा निषेध गुळाच्या या प्रदेशात कोणी मनावर घेतलेला दिसत नाही. ऑपरेशन झालेल्या बाईला डिंकाचे लाडू गुळातच वळून दिले जातात. सुश्रुताचा हा अध्याय पुरुष योद्ध्यास समोर ठेवून लिहिलेला वाटतो. त्यात रुग्णास सेवक आहेत, मित्र आहेत, रिकामा वेळ आहे. ज्या घरात रुग्णाच हीच घरातील सेविका असते, तेथे काय करावे याचे मार्गदर्शन त्यात नाही.

आधुनिक शस्त्रक्रियेचा आरंभ युरोप-अमेरिकेत झाला, आणि त्याची कथा फारशी गौरवाची नाही. अमेरिकेच्या मॅसॅच्युसेट्स राज्यातील लोवेल या गावी १८५३ साली वॉल्टर बर्नहॅम याने स्त्रीबीजकोशाची गाठ समजून एका स्त्रीचे पोट उघडले. क्लोरोफॉर्मच्या अमलाखाली तिला वांती झाली, त्या जोरासरशी गाठींनी भरलेले गर्भाशय छेदातून बाहेर आले आणि पुन्हा आत जाईना. तेव्हा निरुपायाने त्याने ते काढून टाकले. ती स्त्री वाचली. त्याने पुढे केलेल्या अशा बहुतेक शस्त्रक्रियांत रुग्णा दगावल्या. त्याच वर्षी त्याच गावी गिल्मन किंबॉल याने अचूक निदान करून, बुद्धिपुरस्सर, गाठींसाठी गर्भाशय काढले. लोवेल हे कापडगिरण्यांचे गाव होते. तेथील गिरण्यांचा कामगारवर्ग प्रारंभी प्रामुख्याने तरुण स्त्रियांचा होता आणि किंबॉल ज्या रुग्णालयाचा प्रमुख होता ते गिरणीमालकांनीच चालविलेले होते. त्या दोन रुग्णांचा गिरणीशी संबंध होता असे नव्हे. परंतु श्रमिक स्त्रीचे शरीर, तिचा मालक आणि रुग्णालय यांचा त्रिकोण या शस्त्रक्रियेच्या जन्मस्थळीच उपस्थित होता, ही नोंद पुढील भागासाठी ध्यानात ठेवण्याजोगी आहे. गर्भाशय राखून गाठ तेवढी काढण्याचा यशस्वी प्रयत्न त्यापूर्वी, १८४०च्या दशकात, पेन्सिल्व्हेनियातील वॉशिंग्टन ॲटली याने केला होता. पण तो मार्ग दीर्घकाळ उपेक्षित राहिला.

त्या काळी शस्त्रक्रियेनंतरचा काळ इतका लांबण्याचे कारण तंत्रातच होते. गर्भाशय कापल्यावर उरलेला बुंधा रक्तस्रावाच्या भीतीने पोटाच्या जखमेतच अडकवून, तारेने आवळून बाहेर ठेवीत. तो सडून गळून पडेपर्यंत आठवडे लागत, आणि तोपर्यंत जखम उघडीच असे. १८६७ नंतर लिस्टरच्या जंतुनाशक पद्धतीचा प्रसार झाला. १८८९ मध्ये न्यूयॉर्कच्या लुइस स्टिम्सन याने गर्भाशयाच्या धमन्या प्रथम स्वतंत्रपणे बांधून घेण्याची रीत सुचविली. पुढे बुंधा आत सोडून पोट बंद करणे निर्धोक झाले. विसाव्याचा काळ घटविण्यात या धमनीबंधनाचा वाटा मोठा आहे; पण पाठ्यपुस्तकांत त्याचा उल्लेख रक्तस्रावाच्या संदर्भातच येतो.

आता कोल्हापूर. करवीर संस्थानातील अल्बर्ट एडवर्ड रुग्णालय हे प्रिन्स ऑफ वेल्सच्या १८७५ सालच्या हिंदुस्थान-भेटीचे स्मारक म्हणून १८८०च्या दशकात उभे राहिले. त्याची इमारत मेजर मँट या वास्तुरचनाकाराच्या योजनेची. हेच पुढे छत्रपती प्रमिलाराजे रुग्णालय झाले आणि आज लोकांच्या तोंडी ‘सीपीआर’ आहे. रुग्णालयाची वास्तू उभी राहणे आणि स्त्री-रुग्ण त्यात पाऊल टाकणे यांत मात्र बरेच अंतर होते. पोटाची तपासणी परपुरुषाकडून करून घेण्यापेक्षा स्त्रिया दुखणे अंगावर काढीत. हे अंतर मिटविण्याचा उपाय म्हणजे स्त्री-डॉक्टर, हे त्या दशकात सर्वत्र मान्य होऊ लागले होते. मुंबईस एडिथ पीची यांच्या देखरेखीखाली स्त्रियांसाठी कामा रुग्णालय १८८६ मध्ये सुरू झाले. लेडी डफरिन यांचा निधी त्याच्या आदल्याच वर्षी, १८८५ मध्ये, स्थापन झाला होता.

कोल्हापूर संस्थानाने याबाबत दाखविलेली तत्परता उल्लेखनीय आहे. फिलाडेल्फियाच्या स्त्री-वैद्यकीय महाविद्यालयातून मार्च १८८६ मध्ये पदवी घेतलेल्या डॉ. आनंदीबाई जोशी यांची अल्बर्ट एडवर्ड रुग्णालयातील स्त्री-विभागाच्या प्रमुखपदी त्याच वर्षी नेमणूक झाली. त्यांच्या पदवी-प्रबंधाचा विषय आर्य हिंदूंमधील प्रसूतिशास्त्र हा होता. म्हणजे सुश्रुत आणि नवे वैद्यक या दोहोंचा परिचय असलेली व्यक्ती या विभागास लाभणार होती. त्या क्षयाने खंगलेल्या अवस्थेतच मायदेशी परतल्या आणि २६ फेब्रुवारी १८८७ रोजी पुण्यात, वयाची बावीस वर्षेही पुरी होण्यापूर्वी, त्यांचे निधन झाले. कोल्हापूरच्या त्या कक्षात त्यांना एक दिवसही काम करता आले नाही. त्यांच्यावर लिहिणाऱ्यांनी या नेमणुकीकडे त्यांच्या चरित्रातील अखेरची शोकांतिका म्हणून पाहिले, हे स्वाभाविकच आहे. संस्थानच्या आरोग्येतिहासाच्या दृष्टीने मात्र तिचा अर्थ वेगळा आहे. स्त्रियांचा स्वतंत्र कक्ष, आणि त्यावर स्त्रीचाच अधिकार, ही कल्पना १८८६ मध्येच प्रशासनाने स्वीकारली होती. अभाव होता तो व्यक्तीचा.

तो अभाव पुढे डॉ. कृष्णाबाई केळवकर यांनी भरून काढला. कोल्हापुरातील स्त्रीशिक्षणाच्या आद्य कार्यकर्त्या रखमाबाई केळवकर यांच्या त्या कन्या. फर्ग्युसन महाविद्यालयात आणि पुढे मुंबईच्या ग्रँट वैद्यकीय महाविद्यालयात शिक्षण घेऊन त्या कोल्हापुरास परतल्या व शाहू छत्रपतींच्या आश्रयाखाली अल्बर्ट एडवर्ड रुग्णालयात रुजू झाल्या. प्रसूतिशास्त्राच्या अधिक अभ्यासासाठी त्या डब्लिनलाही जाऊन आल्या. माता शिक्षिका आणि कन्या डॉक्टर, हा क्रम अर्थपूर्ण आहे. स्त्रीने स्त्री-डॉक्टरकडे जाण्यासाठी आधी मुलीने शाळेत जाणे संस्थानात रूढ व्हावे लागले.

मोठ्या शस्त्रक्रियांसाठी मात्र दक्षिण महाराष्ट्राची दृष्टी मिरजेकडे असे. अमेरिकन प्रेसबिटेरियन मिशनचे डॉ. विल्यम वॉन्लेस यांनी तेथे १८९४ मध्ये रुग्णालय उघडले आणि पुढील तीन दशकांत त्याची कीर्ती दूरवर पोहोचली. त्याच्या तीनच वर्षे आधी, १८९१ मध्ये, कोल्हापूर-मिरज लोहमार्ग खुला झाला होता. सुमारे ४७ किलोमीटरांच्या या मार्गावर वळिवडे हे स्थानक गडमुडशिंगीपासून जवळ. बैलगाडीच्या धक्क्यांत पोटाचे टाके घेऊन परतणे आणि रेल्वेच्या डब्यातून परतणे यांतील भेद ज्याने भोगला त्यालाच कळेल. वैद्यकाच्या इतिहासात लोहमार्गाचा विचार होतो तो साथीचा प्रसार करणारा म्हणून, रुग्णास घरी पोहोचविणारा म्हणून क्वचितच. (वळिवड्याचे नाव इतिहासात अन्य कारणाने अधिक परिचित आहे. १९४३ ते १९४८ या काळात तेथे सुमारे पाच हजार पोलिश निर्वासितांची छावणी होती, त्यांत बहुसंख्य स्त्रिया व मुले. नंतर त्या जागी सिंधी निर्वासित वसले व गांधीनगर झाले. त्या छावणीतील स्त्रियांच्या आरोग्याचा अभ्यास हा स्वतंत्र विषय आहे.)

मिशन रुग्णालयांची एक पद्धत येथे नोंदविली पाहिजे. रुग्णाचे नातेवाईक त्याच्याबरोबर येत, आवारातच राहत, चूल मांडून स्वयंपाक करीत. पाश्चात्त्य डॉक्टरांना हा प्रकार प्रारंभी गैरसोयीचा वाटे. जातीच्या आहारनियमांपुढे त्यांनी नमते घेतले. पण त्याचा अनपेक्षित लाभ असा की स्त्रीबरोबर आलेली आई, बहीण वा सासू जखमेची काळजी कशी घेतात हे डोळ्यांनी पाहत असे. शुश्रूषेचे शिक्षण चुलीपाशी होत होते.

विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात या शस्त्रक्रियेपुढे खरा पेच उभा राहिला तो गर्भाशय काढावे की राखावे हा. लंडनचे व्हिक्टर बॉनी यांनी गाठ सोलून गर्भाशय राखण्याच्या पद्धतीचा आयुष्यभर पुरस्कार केला, रक्तस्राव आवरण्यासाठी स्वतःच्या नावाचा चिमटा तयार केला आणि १९४६ मध्ये या तंत्रावर स्वतंत्र ग्रंथ लिहिला. त्यांच्या पत्नीचे गर्भाशय गाठींमुळे तरुण वयातच काढावे लागले होते व हे दांपत्य निरपत्य राहिले. शास्त्रीय मताला खासगी दुःखाचा आधार असला म्हणजे मत अशास्त्रीय ठरत नाही. उलट येथे त्या दुःखानेच प्रचलित रीतीविषयी शंका घेण्याचे बळ दिले असे दिसते. मराठी शल्यज्ञांची परंपराही याच बाजूस झुकणारी होती. गोव्यातील शिरोडा येथे १८९९ साली जन्मलेले डॉ. विठ्ठल नागेश शिरोडकर यांचे नाव १९५५ मधील गर्भाशयमुखाच्या टाक्यामुळे जगभर झाले. त्यांनी तसेच डॉ. बी. एन. पुरंदरे यांनी अंग बाहेर पडण्याच्या विकारावर गर्भाशय न काढता ते वर बांधून घेण्याच्या पद्धती सिद्ध केल्या. त्या पद्धती तरुण, अपत्यकांक्षी स्त्रियांसाठी होत्या, आणि अशा स्त्रियांत हा विकार आढळण्याचे एक कारण प्रसूतीनंतर लगोलग जड कामास लागणे हे मानले जाते. म्हणजे मुंबईच्या शल्यगृहात जी प्रतिभा प्रकट झाली तिची एक प्रेरणा न मिळालेल्या विसाव्यात होती.

याच काळात विसाव्याची कल्पनाही उलटीपालटी झाली. पोट उघडलेल्या रुग्णाने दोन-तीन आठवडे अंथरुणास खिळून राहावे हा सार्वत्रिक नियम होता. शिकागोचे स्त्रीरोगतज्ज्ञ एमिल रीस यांनी १८९९ मध्येच असे दाखविले की रुग्णास एक-दोन दिवसांत उठविल्यास तो लवकर सुधारतो. त्यांचे म्हणणे चाळीस वर्षे कोणी ऐकले नाही. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात खाटा व परिचारिका अपुऱ्या पडू लागल्या, तेव्हा निरुपायाने रुग्णांना लवकर उठविण्यात आले आणि पायांतील रक्तवाहिन्यांत गाठी होऊन त्या फुप्फुसात अडकण्याचे, तसेच न्यूमोनियाचे प्रकार त्याने घटतात असे आढळले. १९९०च्या दशकात डेन्मार्कचे हेन्रिक केलेट यांनी या विचाराला पद्धतशीर रूप दिले. आज गर्भाशयाच्या शस्त्रक्रियेनंतर बहुधा दुसऱ्याच दिवशी रुग्णेस चालविले जाते.

येथे एक गफलत होण्याचा संभव असतो आणि ती खेड्यात हटकून होते. लवकर उठणे म्हणजे लवकर कामास लागणे नव्हे. चालणे रक्ताच्या प्रवाहासाठी हितकर असते; वजन उचलणे पोटाच्या भित्तीवर ताण आणते. कापलेला ऊतिस्तर सहा आठवड्यांनी मूळ बळाच्या सुमारे निम्मेच बळ मिळवतो, तीन महिन्यांनी सुमारे चार पंचमांश, आणि पूर्वीइतके कधीच नाही. गर्भाशय पूर्णपणे काढले असेल तर योनिमार्गाच्या वरच्या टोकाची शिवण भरण्यासही सहा ते आठ आठवडे लागतात. ही शिवण डोळ्यांना दिसत नाही. सुनेने उभे राहून चहा केला, अंगणात फेरी मारली, की ती बरी झाली असा घरच्यांचा निर्वाळा असतो. शास्त्राच्या दृष्टीने बरे होण्याची ती सुरुवात असते.

सहा आठवड्यांचा हा आकडा आला कोठून, हा रंजक प्रश्न आहे. प्रसूतीनंतरचा सूतिकाकाल वैद्यकात बेचाळीस दिवसांचा, म्हणजे सहा आठवड्यांचाच, मानला जातो. महाराष्ट्रातील बाळंतिणीचा सव्वा महिनाही त्याच्या जवळचाच. गडमुडशिंगीच्या परिसरात, किंबहुना महाराष्ट्रभर, पिशवीचे ऑपरेशन झालेल्या स्त्रीची काळजी बाळंतिणीच्या नमुन्यावर घेतली जाते. तिला माहेरी नेतात, कानाला रुमाल बांधतात, पोटाला पट्टा लावतात, पाण्यात हात घालू देत नाहीत, डिंक-खारीक-खोबऱ्याचे लाडू करतात. शस्त्रक्रिया ही नवी घटना. तिच्यासाठी समाजापाशी स्वतंत्र आचार नव्हता, म्हणून त्याने जवळचा आचार उसना घेतला. ही उसनवारी शहाणपणाची होती. तिने स्त्रीला विश्रांती मागण्याची भाषा दिली. परंतु उसन्या आचारास त्याच्या मूळ आधाराची जोड मिळत नाही. बाळंतिणीच्या मागे बाळ असते. बाळासाठी तिचा विसावा घराला मान्य होतो. पिशवी काढलेली स्त्री रित्या हातांनी घरी येते. तिचे वय बहुधा पस्तीस-चाळिसांच्या पुढचे. आई थकलेली वा वारलेली असते, माहेर आता भावजयीचे असते. पहिलटकरणीला जे माहेर सहज मिळते ते हिला मागून घ्यावे लागते.

आणि गोठा थांबत नाही. म्हशीची धार दिवसातून दोनदा काढावी लागते; संस्थेत दूध सकाळ-संध्याकाळ वेळेवर घालावे लागते. धार काढणे, शेणघाण, शेणी लावणे, वैरण आणणे व टाकणे यांपैकी बरीचशी कामे स्त्रियांकडे असतात, दुधाचे खाते कोणाच्याही नावे असो. सहकारी दूधव्यवसायाने करवीर तालुक्यातील कुटुंबांना ऊसबिलाची वाट न पाहता हाती येणारा पैसा दिला, यात शंका नाही. त्याच व्यवसायाने स्त्रीच्या दिवसाला न चुकणारे दोन खुंटे ठोकले, हेही तितकेच खरे. ओल्या वैरणीचा भारा सहज वीस-पंचवीस किलो भरतो. डोक्यावर घेण्यासाठी तो आधी कमरेतून उचलावा लागतो, आणि पोटाच्या भित्तीवर खरा ताण येतो तो त्या एका क्षणी.

यावर असे म्हटले जाईल की आता दुर्बिणीच्या शस्त्रक्रियेने हा प्रश्न सोडविला आहे. हॅरी राइक या अमेरिकन शल्यज्ञाने १९८८ मध्ये दुर्बिणीच्या साहाय्याने प्रथम गर्भाशय काढले. ते तंत्र आज कोल्हापुरातही रूढ आहे. पोटावरचा मोठा छेद टळतो, वेदना कमी होतात, दोन-तीन आठवड्यांत सामान्य व्यवहार सुरू होतात. हे सर्व खरे. पण आतील शिवण तितकीच असते, आणि बाहेर जखम दिसत नाही म्हणून घरातील सहानुभूती मात्र तितक्याच वेगाने ओसरते. मोठ्या टाक्यांची रेघ हा एक प्रकारचा दाखला होता. नव्या तंत्राने तो दाखला काढून घेतला.

गाठींचे मूळ कारण अद्याप पूर्णपणे उलगडलेले नाही. त्या स्त्रीसंप्रेरकांवर पोसल्या जातात व ऋतुनिवृत्तीनंतर सामान्यतः आक्रसतात, हे जुने ज्ञान आहे. २०११ मध्ये फिनलंडच्या संशोधकांनी बहुसंख्य गाठींत एका विशिष्ट जनुकातील बदल दाखवून दिला. आक्रसण्याची ही प्रवृत्ती लक्षात घेता, लक्षणे सौम्य असलेल्या चाळिशीपुढील स्त्रीस औषधे व प्रतीक्षा हा मार्गही असतो. शस्त्रक्रियेपूर्वीची स्थितीही दुर्लक्षिली जाते. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार महाराष्ट्रातील १५ ते ४९ वयोगटातील ५४.२ टक्के स्त्रियांत रक्तक्षय आढळला. त्यात गाठींचा अतिरक्तस्राव मिळाला की टेबलावर येणारी स्त्री आधीच रिकामी झालेली असते. तिला सहा आठवडे पुरत नाहीत.

विसावा ज्यांना मिळतच नाही अशा स्त्रियांचा प्रश्न २०१९ मध्ये राज्यासमोर आला. बीड जिल्ह्यातून दरवर्षी ऊसतोड मजुरांच्या टोळ्या पश्चिम महाराष्ट्रातील व कर्नाटकातील साखर कारखान्यांकडे येतात. नवरा-बायकोच्या जोडीला ‘एक कोयता’ म्हणतात. दोन माणसे मिळून एक हत्यार मोजले जाते. मुकादमाकडून घेतलेली उचल फेडायची असते आणि खाडा झाला तर दंड पडतो. मासिक पाळी, अंगावरून जाणे, पोटदुखी, यांतील प्रत्येक गोष्ट म्हणजे खाडा. विधानपरिषदेच्या उपसभापती नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली नेमलेल्या समितीच्या पाहणीत बीड जिल्ह्यातील ८२,३०९ ऊसतोड स्त्रियांपैकी १३,८६१ स्त्रियांचे गर्भाशय काढलेले आढळले, म्हणजे सुमारे १७ टक्के. २०१५-१६ च्या राष्ट्रीय पाहणीत १५ ते ४९ वयोगटासाठी देशाचे प्रमाण ३.२ टक्के होते. दोन्ही आकड्यांचे वयोगट सारखे नसल्याने त्यांची काटेकोर तुलना करता येत नाही. तरीही अंतर इतके आहे की वयाच्या भेदाने ते बुजत नाही. गाठीची वा कर्करोगाची भीती घालून ही शस्त्रक्रिया सुचविली गेल्याचे अनेक स्त्रियांनी सांगितले. येथे शस्त्रक्रिया हाच विसाव्याला पर्याय ठरला: दर महिन्याचे दोन-तीन दिवस वाचावेत म्हणून अवयव दिला गेला. आणि ती होऊन गेल्यावर पुढच्या गळिताला पुन्हा फडात, पुन्हा मोळी डोक्यावर. बीजकोशही काढले गेले असतील तर तिशीतच ऋतुनिवृत्तीच्या सर्व व्यथा, हाडांची झीज धरून.

कोल्हापूरच्या वाचकास हा बीडचा प्रश्न वाटेल. पण त्या टोळ्यांतील काही याच जिल्ह्याच्या फडांत उतरतात. त्या तोडतात त्या उसाचे वाढे गोठ्यांत जातात. वाढे तोडणाऱ्या स्त्रीला विसावा नाही आणि ते वाढे म्हशीपुढे टाकणाऱ्या स्त्रीलाही पुरेसा नाही. दोघींची एकमेकींशी ओळख बहुधा वाढ्यांच्या भावापुरती.

कायद्याने विसाव्याचे मोजमाप करण्याचा प्रयत्न केलेला आहे, पण तोही प्रजननाच्या चौकटीत. १९६१ च्या प्रसूति-लाभ कायद्याने गर्भपातानंतर सहा आठवड्यांची पगारी रजा दिली; १९९५ च्या दुरुस्तीने स्त्रीनसबंदीनंतर दोन आठवड्यांची जोडली. गाठीसाठी गर्भाशय गमावणाऱ्या स्त्रीचा त्यात उल्लेख नव्हता, आणि स्वतःच्या गोठ्यात राबणारी स्त्री तर कोणाचीच नोकर नसल्याने कायद्याच्या कक्षेतच येत नव्हती. अनावश्यक शस्त्रक्रियांविषयी डॉ. नरेंद्र गुप्ता यांनी दाखल केलेल्या जनहित याचिकेवर सर्वोच्च न्यायालयाने ५ एप्रिल २०२३ रोजी निर्णय दिला व केंद्राने २०२२ मध्ये तयार केलेली मार्गदर्शक तत्त्वे तीन महिन्यांत अमलात आणण्याचे राज्यांना आदेश दिले. त्या तत्त्वांचा रोख शस्त्रक्रिया व्हावी की न व्हावी यावर आहे. झाल्यानंतरच्या दिवसांचा विचार अजून रुग्णालयातून घरी पाठविताना दिल्या जाणाऱ्या कार्डावरील एका ओळीतच सामावलेला आहे. सहा आठवडे जड वस्तू उचलू नये, असे त्या ओळीत असते. आठवड्यांची संख्या लिहिलेली असते. जड म्हणजे किती, घागर, दुधाची किटली की वैरणीचा भारा, याचा निर्णय घरी होतो आणि तो करणारी व्यक्ती बहुधा रुग्णा नसते.